चाळिसाव्या दिवसाचा कागद

खोटं वाटलं तर वाटू द्या. पटवून द्यायची हौस मला उरलेली नाही. पण हे घडलंय, आणि रात्री नाही, भर दुपारी घडलंय.

मी निमगाव केतकीच्या बाजूला एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. मागच्या हिवाळ्यात नववीच्या पोरांना खरंखुरं संशोधन करायला लावलं. सूर्यावरचे डाग मोजायचे. शाळेच्या गच्चीवर लहान दुर्बीण लावून कागदावर सूर्याचा गोल पाडायचा, त्यातले डाग पेन्सिलीने उतरवायचे, खाली नाव लिहायचं. रोज दुपारी बाराला, सलग नव्वद दिवस.

एकही दिवस कोरा नको, हा नियम माझाच.

चाळिसावा दिवस रविवार होता. त्या दिवशी नोंद घ्यायची पाळी वरकुटे गावच्या स्वरूपाची होती. सकाळी तिने आईच्या मोबाईलवरून फोन केला.

"सर, आभाळ लई भरलंय. काय दिसायचं न्हाय. येऊ का नगं?"

"ये. 'ढगाळ' एवढंच लिही. तीही नोंदच असते."

साडेअकराला तिची सायकल उसाच्या ट्रॉलीखाली आली. पोर जागीच गेली.

दहाव्याला तिच्या आईने, सिंधुबाईंनी, मला बाजूला घेतलं.

"सर, पोरीनं फोन केला व्हता तुमास्नी. काय म्हणाला तुमी?"

"येऊ नको म्हणालो."

"मग कशापायी गेली वो?"

मी पिंडाला नमस्कार करून निघालो. मला रडूही आलं नाही. अजून येत नाही.

दुसऱ्या दिवशी गच्चीचं कुलूप काढलं. किल्ली एकच, माझ्याकडे असते. तिथल्या पेटीतली नोंदींच्या कागदांची फाईल उघडली...

चाळिसावा कागद भरलेला होता.

रिकामा गोल. खाली तिचं अक्षर. 'ढगाळ. दुपारी १२. स्वरूपा.'

पोरांनी पुन्हा काम सुरू केलं. रविवारी मात्र मी कुणाला बोलावलं नाही. कडक ऊन होतं. सोमवारी फाईलमध्ये रविवारचा कागद...

'ढगाळ. स्वरूपा.'

पुढच्या रविवारी मी अकरापासून जिन्यात बसलो. गच्चीला कुलूप. बाराच्या सुमारास खाली सायकल स्टँडला लावल्याचा आवाज आला...

वाकून पाहिलं. अंगण मोकळं.

मग बंद दारापलीकडे पेन्सिल घासल्याचा आवाज...

मी उठलो नाही. भीतीही वाटली नाही, खरं सांगतो. आवाज थांबला तेव्हा उठून घरी गेलो आणि जेवलो.

सोमवारी सापडलेल्या कागदावर एक ओळ जास्त होती.

'ढगाळ. सर ये म्हणाले म्हणून आले. स्वरूपा.'

तो कागद मी शाळेमागे जाळला. मंगळवारी फाईलमध्ये होता. पुन्हा जाळला. राख पाण्यात कालवून झाडाला घातली.

आत्ता तो माझ्यासमोर आहे. कोपराही काळा झालेला नाही.

सकाळी सिंधुबाईंचा फोन आला होता. "सर, पोरीच्या हातचे कागद एकदा बघायचेत. उद्या येते."

त्यांना वाचता येतं.