रक्ताला सगळं आठवतं

चुनचॉन शहराच्या तळ्यावरून त्या सकाळी असं दाट धुकं चढून आलं होतं, की संशोधन संस्थेच्या मागच्या अंगणातला काळा दगड अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नव्हता. दगडापुढे सगळं रीतसर मांडून झालं होतं... सफरचंदं, तांदळाची दारू, पांढरी शेवंती. प्रयोगांसाठी जीव दिलेल्या उंदरांच्या स्मरणाचा दिवस होता तो. मोठी साहेब मंडळी वाकून, हात झटकून निघून गेली. मागे राहिलेल्या बोरामने इकडेतिकडे पाहिलं, कोटाच्या खिशातून मूठभर सूर्यफुलाच्या बिया काढल्या आणि हळूच सफरचंदांच्या मागे सारल्या.

"सफरचंदं नाही आवडत त्यांना?"

बोराम दचकली. धुक्यातून एक उंच तरुण येत होता. हातात शेवंतीचं एकच फूल, केस विस्कटलेले, उशीर झाल्याचं चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"त्यांना विचारतंय कोण?" ती म्हणाली. "दरवर्षी साहेबांच्या आवडीचंच मांडतात."

तो हसला. मग फूल ठेवून, ओल्या गवतावर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकला. उंदरांपुढे इतकं मनापासून वाकणारा माणूस बोरामने आजवर पाहिला नव्हता.

"पँट भिजली तुमची," ती म्हणाली.

"भिजू दे. ह्यांच्याच जिवावर तर पोट भरतो आम्ही."

त्याचं नाव सुंगमो. समोरच्या हॉस्पिटलात तो रक्त तपासायचा. तिथल्या कितीतरी चाचण्यांत रक्तातली नेमकी एक गोष्ट पकडायला अगदी सूक्ष्म हुक वापरतात, आणि ते हुक मुळात उंदरांपासून बनवलेले असतात, असं त्याने सांगितलं. सांगताना त्याची नजर तिच्या बोटांवर गेली... बारीक बारीक खुणांनी भरलेल्या.

"चावतात?"

"घाबरतात, म्हणून चावतात. राग नसतो त्यात," बोराम म्हणाली, आणि आपण हे इतक्या सहज बोलून गेलो याचं तिलाच नवल वाटलं.

कारण कॉलेज संपल्यापासून ती संस्थेच्या उंदीरघरात कामाला होती, आणि ही गोष्ट ती जगापासून लपवून ठेवायची. एकदा दाखवण्याच्या कार्यक्रमात मुलाच्या आईने ते ऐकून चहाचा कप खाली ठेवला होता, तो पुन्हा उचलला नाही. तेव्हापासून मावशीने पढवून ठेवलं होतं, कुणीही विचारलं तरी ऑफिसात आहे म्हणायचं. बोराम सगळीकडे तेच म्हणायची. आणि हा वेडा उंदरांना दंडवत घालत होता!

मग कुट्टूच्या पिठाच्या गार नूडल्स खायला दोघं भेटू लागली. तो तिखट सोसत नसताना तिखट मागवायचा आणि डोळ्यांतून पाणी काढायचा. ती म्हणायची, "माझ्यासमोर रडायला एवढं आवडतं तुम्हाला?" तो म्हणायचा, "रडल्याशिवाय तुम्ही पाण्याचा पेला पुढे करत नाही ना..." बोरामला रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हे आठवून हसू यायचं. आणि हसू आलं की भीतीही वाटायची.

शेवटी एका दुपारी नूडल्स खाता खाता तिने सांगून टाकलं.

तिची आई अंडाशयाच्या कर्करोगाने गेली होती. सीए-१२५ नावाचं एक प्रथिन रक्तात किती आहे, त्या आकड्यावर अख्ख्या घराचा श्वास टांगलेला असायचा. उपचारांनी आकडा उतरला की आई केस नसलेल्या डोक्यावर टोपी चढवून बाजारात जायची. पुन्हा चढला तेव्हा आईने टोपी घडी करून ठेवली. आता बोरामचा आकडा चढत होता. सोनोग्राफीत एक छोटी गाठ दिसत होती, साधी वाटणारी. पण आईचा इतिहास आणि हा आकडा पाहता डॉक्टर थांबायला तयार नव्हते. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया होती. वेळ पडली तर दोन्ही अंडाशयं काढणार होते.

"म्हणजे मूलबाळ... आणि त्यानंतरचंही काही सांगता येत नाही," ती बशीकडे पाहत म्हणाली. "म्हणून आत्ताच सांगते. तुम्ही इथूनच मागे फिरा."

सुंगमोच्या हातातल्या खायच्या काड्या हवेतच थांबल्या. "डॉक्टरांना तुमच्या उंदरांचं माहीत आहे?"

"नाही. ऑफिसात आहे म्हणून सांगितलंय."

तो उठला. कोट घातला... आणि नूडल्स अर्ध्या टाकून चक्क निघून गेला.

बोराम कितीतरी वेळ त्या बशीकडे बघत बसली. उंदीर पचले होते, कर्करोग पचला नसावा बिचाऱ्याला. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं.

सकाळी त्याचा फोन.

"पळून गेलात," ती म्हणाली.

"प्रयोगशाळेत पळालो. रात्रभर वाचत बसलो होतो. तुमची परवानगी असेल तर डॉक्टरांशी बोलतो. रक्त पुन्हा घ्यावं लागेल. पण बोराम... आशा लावून बसू नका. माझं चुकत असेल."

चुकत असेल म्हणे! ती आशा लावूनच हॉस्पिटलात गेली.

"बाही वर करा. मूठ आवळा," तो म्हणाला.

"तीच जागा तिसऱ्यांदा पुसताय तुम्ही."

"एरवी एकदाच पुसतो."

संध्याकाळी डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. ते स्वतःच थोडे भारावलेले दिसत होते. खरं प्रथिन असतं, तर रक्त निम्मं पातळ केल्यावर आकडाही निम्मा व्हायला हवा होता. तो हट्टाने जागचा हलेना. मग तिच्या रक्तात उंदराच्या रक्ताचा थोडा द्रव मिसळला, आणि आकडा सरळ उतरून चारचौघींसारखा झाला. दुसरं एक प्रथिनही तपासलं होतं, एचई-४, तेही ठीक होतं. शस्त्रक्रियेची घाई नको, गाठीवर नुसती नजर ठेवू, असं म्हणून त्यांनी तारीख रद्द केली.

"पण आकडा आला कुठून?" बोरामने विचारलं.

"दोन हुकांच्या मध्ये ते प्रथिन अडकलं, तरच यंत्र मोजतं," सुंगमो हलक्या आवाजात म्हणाला. "तुम्हाला वर्षानुवर्षं उंदीर चावलेत. तुमचं रक्त उंदरांना ओळखतं, बोराम. आमचे हुक उंदरांचेच. त्याने ते पाहिले आणि दोन्ही बाजूंनी घट्ट धरून ठेवले. मध्ये काहीच नव्हतं. यंत्र फसलं. उंदराचा द्रव मिसळला, तेव्हा तुमच्या रक्ताने हुक सोडून त्यालाच धरलं."

बोरामने आपल्या बोटांवरच्या खुणांकडे पाहिलं. एवढेसे जीव, त्यांचे एवढेसे चावे... ती कधीच विसरून गेली होती, आणि तिचं रक्त एकही विसरलं नव्हतं. ती जगाला ऑफिस ऑफिस सांगत राहिली, आणि रक्त आपलं खरं तेच बोलत राहिलं. तिला आई आठवली. आईचं रक्तही खरंच बोललं होतं. ती आईसाठी रडली आणि स्वतःसाठीही, आणि ह्या वेळी पाण्याचा पेला त्याने पुढे केला.

बाहेर आल्यावर दोघंही न ठरवता काळ्या दगडापाशी गेली. शेवंती सुकली होती. तळ्यावरून पुन्हा धुकं सरकत येत होतं. बोरामने खिशात हात घालून बिया मुठीत घेतल्या.

"मावशीला काय सांगणार?" त्याने विचारलं.

"ह्यापुढे सगळ्यांना उंदीरघरात आहे असंच सांगणार म्हणून. आणि उंदरांना दंडवत घालणारा एक सापडलाय म्हणून."

त्याचे कान लाल झाले. मग घसा खाकरून म्हणाला, "हात द्या."

बोरामने सवयीने बाही वर सारली आणि हात पुढे केला, मूठ आवळलेली.

"बाही राहू दे," सुंगमो म्हणाला. "मूठ तेवढी उघड."

तिने उघडली. बिया दगडापुढे सांडल्या, आणि त्या चाव्यांच्या खुणांवरून त्याची बोटं अलगद फिरली.