उंबऱ्यावरचा निळा मणी

सलग चौथ्या सकाळी तेर्तुलाला उंबऱ्यावर निळा मणी सापडला, आणि तिने मेलेल्या लेकीच्या दाईला दोरीने बांधायला लावलं.

"पोलिताला चितेवर ठेवताना हिने तिच्या गळ्यातली निळ्या मण्यांची माळ चोरली," ती उर्सियाला म्हणाली. "म्हणून पोर रोज दाराशी येते, तक्रार करते. दुपारी गुलामांचा दलाल येतोय. जाऊ दे हिला खाणीत."

उर्सिया शेजारची, मणी करणारी म्हातारी. रोमन आक्विलेया शहराच्या त्या गल्लीत सगळेच काचेवर पोट भरायचे, पण नुसता मणी बघून त्याची कुंडली सांगणारी तीच एक.

"क्रेस्ते, माळ कुठे गेली?"

"पोरीबरोबरच गेली, मावशी," दाई म्हणाली. "गळ्यात मीच नीट बसवली होती."

"कोणी पाहिलं?"

"मालकांनी."

तेर्तुलाचा नवरा स्टॅटियस भट्टीवरून आला होता. "धुरात काय दिसणार," तो पुटपुटला आणि डाव्या हाताने उर्सियापुढे द्राक्षारसाचा पेला ठेवला.

उर्सियाने पोलिताच्या राखेचं मडकं उघडायला सांगितलं. तेर्तुलाने ते आणून झाकण काढलं. आत, हाडांच्या तुकड्यांत, एक निळा गोळा होता.

"काच आगीत वितळते, पोरी. ही तुझ्या लेकीची माळ."

तेर्तुलाने चारही मणी तिच्यापुढे धरले. "मग हे मणी कुठले? बघ, तीच येते."

उर्सियाने मणी उजेडात धरला. त्या बिचारीला हे सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण क्रेस्तेचा जीव टांगणीला लागला होता.

"पोलिताची माळ सात वर्षं गळ्यात होती. दोऱ्याने भोकं घासून गुळगुळीत झाली असती. काच चिकटू नये म्हणून सळईला लावतो ती माती यात अजून तशीच आहे. मणी कालपरवाचा आहे. आणि ही पांढरी रेघ बघ. आम्ही उजव्या हाताने सळईवर काच गुंडाळतो तेव्हा ती एका बाजूने चढते. ही उलटी चढलीय. डावखुऱ्याचं काम आहे. गल्लीत डावखुरा एकच, स्टॅटियस."



"चितेनंतर ही तीन दिवस अन्नाला शिवली नाही," स्टॅटियस बायकोकडे बघत म्हणाला. "मी पहिला मणी ठेवला, त्या दिवशी उठली. भाकरी भाजली, पोलिताचं पान वाढलं. मग मला थांबवेना."

"आणि क्रेस्तेला बांधलं तेव्हा?"

"तेव्हा मूग गिळून बसलो. सांगितलं असतं तर ही पुन्हा पडून राहिली असती."

उर्सियाने स्वतः दोरी सोडली.

"म्हणजे ती आलीच नाही," तेर्तुला नवऱ्याला म्हणाली. "एकदाही?"

त्याने नकारार्थी मान हलवली. चितेनंतर पहिल्यांदाच तेर्तुला रडली, अगदी लहान पोरीसारखी. सवयीने क्रेस्ते तिला जवळ घ्यायला उठली, दोन पावलं गेली, आणि हाताचे वळ चोळत तिथेच उभी राहिली.