गालावरचा अंगठा

एकतीस वर्षं मी लोकांचे तराजू तपासले. कुणाचं वजन खालून कोरलेलं, कुणाच्या मापाला आतून जाड बूड. मला पाहिलं की दुकानदारांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. सांगायचा मुद्दा, मी नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. मोजतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात मात्र लोंबकळत राहिला. तेव्हापासून माझी दाढी बायको करायची. एका हाताने गाल ताणायची, दुसऱ्याने ब्लेड फिरवायची आणि तोंडाने शेजारपाजारच्या कागाळ्या सांगायची. आठ महिन्यांपूर्वी ती गेली. झोपेत. उभ्या जन्मात तेवढी एकच गोष्ट तिने मला न सांगता केली.

मग मुलीचं पालुपद सुरू झालं. "बाबा, आमच्याकडे या." मागच्या खेपेला माझी वाढलेली दाढी बघून ती रडली आणि जाताना दम देऊन गेली, "महिनाअखेरीला येते. तेव्हाही असेच दिसलात तर तुमचं काही ऐकणार नाही, सामान बांधून घेऊन जाईन."

मला घर सोडायचं नव्हतं. तिने दिलेलं दाढीचं मशीन एकदाच चालवलं. त्याच्या घरघरीने घर भरून गेलं, आणि बंद केल्यावर जी शांतता झाली ती सोसेना. सकाळ खायला उठायची. करताना दुसरं काही सुचू नये असं एखादं काम मला हवं होतं. म्हणून वस्तरा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणा हवं तर.

धारवाल्याच्या दुकानात तेलाचा आणि चामड्याचा वास होता. त्याने काउंटरवर तीन वस्तरे मांडले. मी चकचकीत, टोकदार पात्याचा उचलला.

"पहिल्यांदाच ना? ठेवा तो. कान कापून घ्याल." त्याने गोल टोकाचा, मध्यम रुंदीचा, जाड पाठीचा वस्तरा पुढे सरकवला. "नवशिक्यानं हा घ्यावा. आणि पट्टा साधा घ्या. पहिला पट्टा कापला जातोच."

"मी नाही कापणार."

"सगळे असंच म्हणतात." त्याने खुंटीला अडकवलेला चामड्याचा पट्टा एका हाताने ताणला आणि त्यावर वस्तरा घासून दाखवला. "वळवताना पाठीवर वळवायचा, धारेवर नाही. घ्या, धरा ताणून."

मी डावा हात उचलला नाही. त्याच्या लक्षात आलं.

"फळीवर चिकटवलेला पट्टा देतो. धार लावायचं निभेल. पण गालाचं काय? कातडी ताणली नाही तर हा भसकन आत जातो. घरात कुणी आहे मदतीला?"

"आहे," मी म्हणालो. अभिमान, दुसरं काय.

तिसऱ्याच दिवशी मी वस्तरा धारेवर वळवला आणि पट्ट्याला बोटभर चीर पाडली. धारवाला जिंकला. गालावर तर रोज रक्त. जिभेने आतून गाल फुगवून पाहिला, मान तिरकी करून पाहिली. हात दाखवून अवलक्षण, असं स्वतःलाच म्हणत होतो.

नवव्या सकाळी खिडकीपाशी बसलो होतो. आरसा बरणीला टेकवलेला. वस्तरा कानाखाली टेकवला आणि गालाची कातडी आपोआप वर ओढली गेली. पातं सरसर खाली आलं. ओरखडासुद्धा नाही.

आरशात माझा गाल सपाट ताणलेला दिसत होता. कानापुढे काहीतरी गार दाबून होतं. दिसत काहीच नव्हतं.

शिरा जाग्या झाल्या असतील, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी डावा हात टॉवेलने खुर्चीला बांधून बसलो. गाल ताणला गेला. मी हनुवटी उचलली, तशी मानेची कातडीही ताणली गेली. अगदी बेताने.

"तू आहेस का गं?" मी विचारलं. विचारताना रडलो, त्याची मला लाज नाही.

तिसऱ्या दिवशी मी कानापुढे फेस जाड लावला. दाढी झाली तेव्हा फेसात अंगठ्याचा ठसा उमटला होता. मी मोजपट्टी आणली. अठ्ठावीस मिलिमीटर रुंद. माझा स्वतःचा अंगठा बावीस भरतो. बायकोचं शिवणाचं अंगुस्तान शोधून काढलं. ते माझ्या करंगळीलाही बसेना.

फेस विरेपर्यंत मी पुन्हा पुन्हा पट्टी लावत राहिलो. आकडा बदलला नाही.

वस्तरा त्याच दिवशी फेकायला हवा होता. कळत होतं. पण आठ महिन्यांत माझ्या चेहऱ्याला कुणी हात लावला नव्हता. दुसऱ्या सकाळी मी गाल पुढे केला.

महिनाअखेरीला मुलगी आली. तिने माझ्या जबड्यावरून हात फिरवला आणि बघतच राहिली.

"बाबा, मानेखालीसुद्धा इतकी गुळगुळीत? कोण येतं करायला?"

"मीच करतो."

"एका हाताने? थापा मारू नका." मग ती हळूच हसली. "कुणी असेल तर सांगा ना. मी रागावणार नाही. उलट जिवाला घोर नाही राहणार."

गाडी खालीच उभी होती. एक शब्द बोललो असतो तरी तिने मला उचलून नेलं असतं.

"कुणी नाही गं," मी म्हणालो. "माझं बरं चाललंय."

ती निर्धास्त होऊन गेली.

दुसऱ्या सकाळी फेस लावला. अंगठा आला, गालावरून हनुवटीखाली सरकला. मी वस्तरा उचलला.

माझ्या बोटांवर दुसरी बोटं आली. गार, रुंद. त्यांनी ओढाताण केली नाही, नुसती थांबून राहिली.

मी पकड सैल केली.

उजवा हात खाली आला. माझे दोन्ही हात आता मांडीवर होते. वस्तरा चालूच होता.

फोन वाजायला लागला. मुलीचाच असणार, पोचल्याचं कळवायला. अंगठ्याने माझी हनुवटी अलगद छताकडे उचलली.

फोन वाजून वाजून बंद पडला.

पातं गळ्याच्या घाटीवर येऊन थांबलं. कोण आहे, हे विचारावंसं वाटलं. पण विचारायचं तर गळा हलवावा लागला असता.