कापलेलं शेपूट

थट्टा करायची असेल तर आत्ताच करून घ्या. हे घडलंय, आणि भर दुपारी घडलंय. अमावस्या नाही, पडकं घर नाही. तिसऱ्या मजल्यावरची खोली, भिंतींना फोम, खिडकीत ऊन.

खोली दादाची. दादा गेला, मागे राहिला त्याचा जुना सिंथेसायझर. त्याच्या पट्ट्या एकेक करून मुक्या होत चालल्या होत्या. म्हणून वहिनीने धाकट्या दिराला बोलावलं. मशीन बंद पडायच्या आत त्यातला एकेक सूर कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्या, म्हणाली. दादाचं तेवढंच तिला ठेवायचं होतं.

हा धाकटा जिथे काम करायचा, त्या स्टुडिओत त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. आणि पाठीमागे हसायचे. त्याला मात्र ते खरंच वाटायचं. असल्यांची कीवही येत नाही.

"हे डबडं?" उस्तादने नाक मुरडलं. "यापेक्षा बरा आवाज माझ्या फोनमध्ये आहे, वहिनी."

"असेल. पण भाऊजी, सूर पूर्ण विरेपर्यंत घ्या. पट्टी सोडली तरी हे हलायचे नाहीत. म्हणायचे, त्याला नीट जाऊ दे."

पट्टी सोडल्यावर सूर लगेच मरत नाही, हळूहळू विरतो. धंद्यात त्याला शेपूट म्हणतात. उस्तादच्या लेखी शेपूट म्हणजे कचरा, नुसती खरखर. त्याने तोंडदेखलं हो म्हटलं. सगळे सूर घेतले, आणि वहिनी आत वळताच शेपटं सटासट छाटली. ऐकलीसुद्धा नाहीत. मूळ रेकॉर्डिंगही पुसून टाकलं.

मग प्रत्येक सुराच्या मधल्या तुकड्याचा लूप केला. म्हणजे पट्टी दाबून धरली की तोच तुकडा फिरत राहतो, सूर संपतच नाही. दादाला हे जन्मात जमलं नसतं, असं मनाशी म्हणून स्वारी खूश झाली.

त्याने हेडफोन चढवला आणि आपल्या छोट्या कीबोर्डवर पट्टी दाबून धरली.

सूर आला. स्वच्छ, सपाट.

आणि सुराच्या आत...

कोणीतरी श्वास घेतला.

लूप फिरला. पुन्हा श्वास आत... पुन्हा आत...

सोडणं नाहीच. नुसतं घेणं.

आपलाच श्वास माईकने पकडला असेल, त्याने स्वतःला समजावलं. मग आठवलं. माईक लावलाच नव्हता. वायर मशीनमधून थेट कॉम्प्युटरला. तिच्यात श्वास शिरायला वाटच नव्हती.

त्याने दुसरी पट्टी दाबली. मग शेवटची. सगळीकडे तेच.

घेतलेला श्वास सुटत असणार तो शेपटात. आणि शेपटं याने कचऱ्यात घातलेली.

हेडफोन काढून टाकत तो मशीनकडे धावला. पुन्हा घेऊ, सगळं पुन्हा घेऊ. बटण दाबलं...

दिवा लागला नाही.

दाबत राहिला. मशीन कायमचं गेलं होतं.

दारात वहिनी उभी होती. ती आली, हेडफोन उचलून कानाला लावला, पट्टी दाबली. बराच वेळ ऐकत राहिली.

"हेच आहेत," ती म्हणाली. "सोडत का नाहीत?"

"शेपूट... शेपूट मी कापलं, वहिनी."

तिने हेडफोन खाली ठेवला. राग नव्हता तिच्या तोंडावर, शिसारी होती.

"शेवटचा श्वास त्यांनी माझ्या मांडीवर सोडला, भाऊजी. शांत गेले होते. तुम्ही त्यांना परत आत घ्यायला लावलात."

त्याने कॉम्प्युटर बंद केला. वायरी उपटल्या. खोलीत काहीही चालू उरलं नाही.

आणि मग...

श्वास आत गेला. खोलीतच.

उस्ताद त्या घरी पुन्हा फिरकला नाही. स्टुडिओत अजून टेंभा मिरवतो, पण शेपूट कापायची वेळ आली की लघवीला जातो. लोक मागे हसतात.

वहिनीने ती खोली सोडलेली नाही. अधूनमधून फोन करते. खुशाली नाही, काही नाही.

"सापडलं का शेपूट?"

"नाही, वहिनी."

ती लगेच फोन ठेवत नाही. त्या शांततेत पलीकडे कोणीतरी श्वास आत घेतं...

उस्ताद फोन कानाला लावून थांबतो. तो श्वास सुटेल म्हणून.