बाहेर राहिलेली पहार

अंधार पडायच्या आत अवजारं कोठीत गेलीच पाहिजेत, हा माळीकाकांच्या वडिलांचा नियम. एकाच जुन्या सरकारी इमारतीच्या बागेत बापाने जन्म काढला, आणि मग लेकाने. "बाहेर राहिलेलं अवजार रिकामं बसत नाही," एवढंच म्हातारा म्हणायचा. का, ते त्याने कधी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छातीही नव्हती.

त्या संध्याकाळी मात्र काका पहार विसरले. चित्त थाऱ्यावर असेल तर ना! अंगणातल्या चिंचेवर साहेबांनी लाल फुली मारून घेतली होती. झाड वाळलं, महिनाअखेरीस पाडायचं. बाप गेला तेव्हा काका रडले नव्हते, पण ती फुली बघून कोठीमागे जाऊन ढसाढसा रडले. त्यांच्या लेकीचा पाळणा याच चिंचेच्या फांदीला टांगलेला असायचा.

सकाळी येऊन बघतात तर पहार खोडाला टेकलेली, आणि बुंध्याजवळची एक फरशी उचलून शेजारी नीट ठेवलेली. खालच्या ओल्या मातीचा वास येत होता. काकांनी नखाने एक मूळ खरवडलं. आत पांढरं, रसरशीत.

"साहेब, झाड मेलं नाही, गुदमरलंय. पाहुण्यांसाठी बुंध्यापर्यंत फरशी घातली तेव्हापासून. सगळी काढू द्या."

"काका, तुमचा जीव आहे त्याच्यावर, कळतं मला. पण फरशी निघणार नाही."

काका उतरल्या तोंडाने दालनात गेले. तिथे भिंतभर जुनं चित्र होतं, याच अंगणाचं. ते साफ करायला आलेल्या बाई शिडीवर बसून कापसाच्या बोळ्याने वर्षानुवर्षांची काजळी पुसत होत्या. वरून खाली येत येत त्या बुंध्यापाशी पोचल्या होत्या.

"काका, इकडे या जरा. हे बघा, झाडाभोवती केवढं मोठं आळं होतं! आणि हा कोण वाकलाय? तुमच्या चिंचेवरचं भूत तर नव्हे?"

काका हसले नाहीत. पाठमोरा माणूस. हात अजून काजळीखालीच होते. पण ती वाकण्याची ढब, एक गुडघा टेकून... थेट बापाची.

त्या संध्याकाळी काकांनी बापाचा नियम मोडला, समजून उमजून. पहार, कुदळ, फावडं, पाण्याच्या बादल्या, सगळं झाडाखाली मांडलं. "झाड तुमचंही आहे," ते हळूच म्हणाले आणि मागे न बघता फाटकाकडे निघाले. पाठीमागे लोखंड दगडावर वाजलं... एकदा... मग पुन्हा.

सकाळी सगळ्या फरशा भिंतीशी रचून ठेवलेल्या. भोवती गोल आळं, काठोकाठ पाणी.

"हे कुणी केलं?" साहेब कडाडले.

"मी नाही, साहेब. माझी अवजारं तेवढी बाहेर राहिली."

पहारेकऱ्याने शपथेवर सांगितलं, फाटकातून चिटपाखरूही आत आलं नव्हतं. साहेबांनी वाकून आळ्यातली ओली माती बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत राहू दे असंच."

आणि महिना सरता सरता फांदीच्या टोकाला पालवी फुटली. कोवळी, तांबूस, नखाएवढी. साहेबांनी स्वतः लाल फुली खरवडून काढली. काकांनी आळ्यात आणखी एक बादली पाणी ओतलं.

त्याच दिवशी बाईंनी हाक मारली. चित्रातल्या माणसाचे हात साफ झाले होते. हातात पहार होती, आणि तिच्या मुठीला निळी चिकटपट्टी. काकांनी मागच्या हिवाळ्यात स्वतः गुंडाळलेली.

"रंग जुनाच आहे, काका," बाई कुजबुजल्या. "बघा ना... रंगाचे तडे त्या पट्टीवरूनही गेलेत."

दिवे लागायच्या सुमारास काका पहार घेऊन चिंचेखाली गेले. भीती होतीच, पण बापाशेजारी कामाला उभं राहिल्यासारखं बरंही वाटत होतं. त्यांनी पहार खोडाला टेकवायला पुढे केली.

त्यांनी हात सोडायच्या आधीच पलीकडून कुणीतरी ती धरली.