कड्यावरचा विडा

उंबरदुर्गाच्या पूर्वकड्यावर तांबडे फुटले तेव्हा खाडीवरचे धुके अजून गडाच्या कमरेलाच अडकले होते. आणि ज्या तटावर तीन दिवसांपूर्वी गनिमाचे व गडकऱ्यांचे रक्त एकाच दगडावर वाळले होते, त्या तटावर आज कडेलोटाची नौबत झडत होती. नौबत ऐकताच गडावरच्या बायकांनी पोरे पोटाशी ओढली, दारे लावून घेतली.

एकच बाई पोर घेऊन कड्याकडे निघाली होती. ती कातरीन, तीन दिवसांमागे पडलेल्या पास्कू गोलंदाजाची बायको. काखेत आठ महिन्यांची आना. तिला दात येत होते, त्यामुळे सापडेल ते तोंडात घालायची. रात्रभर ती किरकिरली होती आणि आई रात्रभर जागी होती, पण लेकीच्या किरकिरीने नव्हे. रागाने.

पास्कू वसईकडचा किरिस्ताव. दहा वर्षे गडाची थोरली तोफ त्याच्या हाती होती. गोळा सुटला की हा टोपी काढून क्षणभर उभा राही. शिपाई थट्टा करीत, "पास्कू, तोफ गडाची अन् सुतक तुझं, असं रे कसं?" तो हसे. अंधारकोठडीत कैदी कोणीही असो, दुपारी पास्कूच्या घरचे पाण्याचे मडके दोराला बांधून खाली उतरत असे. कोणी टोकले तर म्हणे, "गुन्हा माणसाचा. तहानेनं काय केलंय?" आधी हसणारे गोलंदाज पुढे पुढे आपल्या घरचे ताकही त्या मडक्याशेजारी आणून ठेवू लागले होते. का, ते त्यांनाही सांगता आले नसते.

तीन दिवसांपूर्वी पहाटे वेढ्यातला गनीम चोरदिंडीतून आत शिरला. पास्कूने तोफ फिरवून वाट रोखली, गड वाचवला आणि तोफेवरच देह ठेवला. मार खाऊन गनीम वेढा उठवून गेला. दिंडीचा पहारेकरी सटवा नाईक किल्लीसकट सापडला. गडाला एवढेच ठाऊक होते. गडाला ठाऊक नव्हते ते असे, की किल्लेदार हैबतरावांनी गनिमाकडून जहागिरीचे वचन घेतले होते, 'आपली रसद येते आहे, दिंडी मोकळी ठेव' असा हुकूम त्यांनीच सटव्याला दिला होता, आणि डाव फसल्यावर त्याच्या कानाशी लागून ते म्हणाले होते, "तोंड उघडलेस तर तुझ्यामागून तुझी म्हातारी आई कड्यावरून जाईल." तेव्हापासून सटवा मुका झाला होता. किल्लेदारांच्या वरच्या सरसुभ्याची माणसे सांजेला तपासाला यायची होती. म्हणून ही सकाळची घाई.

गडाचा रिवाज असा, की खुनाच्या कामी मृताच्या घरच्या माणसाने कडेलोट करणाऱ्या शिपायाच्या हाती विडा द्यावा. विडा नाही तर कडेलोट नाही. कैदी सरसुभ्याकडे रवाना. मोठा शहाणा रिवाज! मारायचे दरबाराने आणि हत्येची गाठ मारायची विधवेच्या पदराला.

"या, बाई," हैबतराव अदबीने म्हणाले. "आपल्या धन्याने गडासाठी प्राण वेचले. त्यांच्या रक्ताचा न्याय आपल्या हातून व्हावा, हीच आमची इच्छा." त्यांनी स्वतः तबक पुढे केले.

कातरीनने विडा उचलला. खरेच उचलला. कड्याच्या कडेशी हात बांधून गुडघ्यांवर बसवलेल्या सटव्याकडे तिने पाहिले, आणि तिला वाटले, शिपाई कशाला हवा, मीच ढकलते.

"वर बघ, मेल्या!" ती ओरडली. "माझ्या माणसानं तुझ्या पोराच्या बारशाला घुगऱ्या खाल्ल्या होत्या. वर बघ!"

सटव्याने मान वर केली नाही.

तेवढ्यात आनाने हात लांबवला. हिरवे पान दिसले. इवल्या मुठीने विडा आईच्या बोटांतून ओढला आणि सरळ तोंडाशी नेला.

"शी! टाक! टाक ते!" कातरीनने लेकीची मूठ उकलली, तोंडात बोट घालून पानाचा तुकडा काढला, पदराने ओठ पुसले, पुन्हा पुसले. मग हातातल्या चुरगळलेल्या पानाकडे ती पाहत राहिली. रोज सांजेला पास्कू हिला मांडीवर घेऊन देवाकडे एकच मागणे मागे: मी दुसऱ्यांचे अपराध पोटात घालतो, तसे तू माझे घाल.

तिने विडा दरीत भिरकावला.

कड्यावर जमलेल्या गोलंदाजांत कुजबुज उठली. हैबतरावांचा आवाज बदलला. "बाई, विचार करा. विडा नाही, तर पोरीच्या पोटापाण्याला दरबारची बालपरवेशीही नाही. आजच्या आज गड उतरावा लागेल."

"उतरते."

"नवऱ्याच्या खुन्याला माफी देता?"

"माफी?" कातरीन म्हणाली. "हा शब्द माझ्या घशात काट्यासारखा अडकलाय, सरकार. हा माणूस मला डोळ्यांपुढं नको. पण माझा राग माझा हाय. तो तुमच्या कामाला जुंपायचा नाही. माझ्या माणसानं ह्यालाही पाणी पाजलं असतं, अन् मी ह्याला ढकलू?"

ती वळली. चार पावले गेली असेल, तोच मागून सटव्याचा आवाज आला, तीन दिवसांच्या मौनाने गंजलेला.

"बाई, थांबा! माझ्या आईचं काय व्हायचं ते होवो. दिंडी उघडी ठेवायचा हुकूम सदरेवरनं आला. तोंडी हुकमानं मी दिंडी उघडत नसतो. मोर्तबाची चिठ्ठी हाय. किल्लेदारांना म्हटलं जाळली. जाळली नाही. दिंडीच्या कोनाड्यात, पणतीखाली हाय."

हैबतरावांची तलवार म्यानातून निघाली. पण सटव्यापर्यंत पोचली नाही. पास्कूचे अकरा गोलंदाज, निःशस्त्र, काजळल्या हातांचे, मध्ये येऊन उभे राहिले होते. त्यांतला एक म्हणाला, "सरकार, आधी चिठ्ठी वाचू द्या." आणि जन्मभर सांगितले तेवढेच लिहिणारे सबनीस नारोपंत, कोणी न सांगता, स्वतः उठून दिंडीकडे चालू लागले.

चिठ्ठीवर मोर्तब किल्लेदारांचेच निघाले. सांजेला सरसुभ्याची माणसे आली. हुजुरात रवानगी होईपर्यंत हैबतरावांना अंधारकोठडीत ठेवले. सटव्याची नाईकी गेली, जीव राहिला. पुढे उंबरदुर्गावर कोणाच्या हाती विडा दिला गेला नाही. रिवाज मोडल्याचा हुकूम कोणी काढला नाही, तबक तेवढे पुन्हा पुढे आले नाही.

पण दुसऱ्या दिवसाची दुपार सांगायची राहिली. त्या दुपारी किल्लेदारासाठी कोणाच्याच घरून पाणी निघाले नाही. कातरीन उंबऱ्यात बसून होती. आना दुधावरच झोपी गेली, तरी ती बसून होती. मग ती उठली, चुलीजवळची काटकी पायाने उडवली, मडके भरले आणि तणतणत कोठडीकडे गेली.

तिथे सटवा आधीच उभा होता. हातात दोर. त्याच्याकडे मडके नव्हते, आणि कोणाकडे मागायचे धाडस नव्हते.

कातरीनने मडके त्याच्यापुढे आदळायचे तेवढे आदळले. पाणी मात्र सांडू दिले नाही.

"दोर घट्ट धर," ती म्हणाली. "आपटलं तर पाणी खालपर्यंत पोचायचं नाही. आणि माझ्याकडं बघू नको."

त्याने पाहिले नाही. दोघांनी मिळून मडके खाली सोडले.