किलीनच्या बाया

‘किलीन’ या शब्दाचा मूळ अर्थ लहानसे देऊळ. आयर्लंडातल्या आमच्या मेयो परगण्यात मात्र तो एका निराळ्याच जागेला चिकटला. बाप्तिस्म्याआधी गेलेले बाळ पवित्र भूमीत पुरू देत नसत. बाप रात्री एकटा निघे, दफनभूमीच्या कुंपणाबाहेरच्या पडीक तुकड्यात खड्डा खणी, वर एक दगड ठेवी. आईने घरातच राहायचे. रडायचे तेही उशीत तोंड घालून. त्या तुकड्याला किलीन म्हणतात.

उद्यापासून तुम्ही पोरे आपल्या संस्थेचे, गेलेल्या तान्ह्यांना ठेवायचे गार पाळणे घरोघर पोचवणार, म्हणून सांगतो. हे आपल्याच संस्थेतल्या मलाकी गॅवहनच्या बाबतीत घडले. मलाकी थापा मारणाऱ्यांतला नव्हे; तेवढी कल्पनाशक्तीच त्याला नव्हती.

गेल्या वर्षीची, संत ब्रिजिडच्या सणाची रात्र. मलाकी पाळणा घेऊन ब्रॉनाच्या घरी गेला. तिचा अडीच महिन्यांचा फिंटन दोन दिवसांपूर्वी दुपारी झोपला, तो उठलाच नाही. शवविच्छेदन झाले, कारण सापडले नाही. बाप्तिस्मा पुढच्या रविवारी ठरला होता. पाळण्याच्या गादीत यंत्र थंड पाणी खेळवते, त्यामुळे बाळाला काही दिवस घरी ठेवता येते. ब्रॉनाला तेवढेच हवे होते. मोठी माणसे गेल्यावर होतो तसा जागर: दार उघडे, चहा तयार, आणि मृताशेजारी अहोरात्र कोणीतरी बसलेले.

सासूला, पेगला, ते मान्य नव्हते. तान्ह्याचा जागर कोणी करत नाही, सकाळी गुपचूप उरकावे, असे तिचे म्हणणे. पोलीस चौकशी करून गेल्यापासून शेजारीही फिरकले नव्हते. नवरा थकून वर झोपला होता. भिंतीशी मांडलेल्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

मलाकीने यंत्र लावले. निघण्यासाठी टोपी उचलली, त्या खुर्च्यांकडे पाहिले आणि टोपी परत ठेवली.

मध्यरात्रीनंतर वादळाने वीज गेली. यंत्राची घरघर थांबली.

“झालं,” पेग म्हणाली. “आता तरी ऐक, पोरी. उजाडताच नेऊ त्याला. देवाचीच इच्छा दिसतेय.”

“देवाला म्हणावं, इच्छा असेल तर इथं येऊन बस,” ब्रॉना म्हणाली. “खुर्च्या आहेत.”

मलाकी दार लावायला उठला. ब्रॉनाने लावू दिले नाही.

मग अंगणात पावले वाजली. अनवाणी.

बाया होत्या. डोक्यावरून शाली. एक आली... मागून दुसरी... शालींतून पाणी निथळत होते. मेणबत्तीच्या उजेडात जमीन कोरडीच दिसत होती.

पेगची जपमाळ थांबली. “किलीनच्या...” एवढेच ती बोलली.

बाया पाळण्याभोवती उभ्या राहिल्या. खोलीत श्वास ऐकू येत होते. तीनच.

एक हात पुढे झाला...

ब्रॉना उठली. त्या हाताच्या आणि पाळण्याच्या मध्ये उभी राहिली.

“तुमची लेकरं रात्री चोरून नेली. तुम्हाला बघूही दिलं नाही. माझं दिवसाढवळ्या जाईल, गावादेखत, आणि मी पुढे चालेन. न्यायला आल्या असाल तर चालत्या व्हा. बसायला आल्या असाल तर... बसा.”

पुढे आलेला हात शालीत परत गेला.

एक खुर्ची करकरली. मग दुसरी... मग सगळ्या.

मलाकीने डोळे मिटले, ते उजाडल्यावर उघडले. खुर्च्या रिकाम्या होत्या. एकीवर मात्र पेग बसली होती, पाळण्याला खेटून, आणि उठायला तयार नव्हती. वीज संध्याकाळी आली. तोवर गादी बर्फासारखी गार राहिली. दिवस चढता शेजारी आले, खाली मान घालून, हातांत ताटे घेऊन. दोन दिवसांनी फिंटनला भरदुपारी पुरायला नेले. ब्रॉना पुढे होती.

पुढच्या आठवड्यात मलाकी पाळणा परत आणायला गेला. यंत्र कधीचेच काढून ठेवलेले. तरी काठावर दहिवर होते, आणि त्यात बोटांचे ठसे.

हल्ली लोक सांगतात, त्या बाया बाळ पळवायला आल्या होत्या आणि ब्रॉनाने त्यांना हाकलले. साफ चूक. तिने कोणालाही हाकलले नाही. आणि आतल्या बाजूला ठसा एकही नव्हता. सगळे बाहेरून होते, चारी बाजूंनी... पाळणा हलू नये म्हणून धरतात तसे.